किंगची सुट्टी आणि अण्णांचे प्रश्न

आमच्या प्रोजेक्टला अमेरिकेच्या सुट्ट्या आहेत. महापेच्या ऑफिसात बसून आम्ही तिकडच्या लोकांचे पगार काढतो, त्यामुळे तिकडची बँक बंद तर आम्हीही बंद. जानेवारीचा तिसरा सोमवार म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा दिन. तिकडे १९८३ मध्ये कायदा झाला, १९८६ पासून सुट्टी सुरू झाली, आणि आता घणसोलीत राहणारी मी त्या दिवशी उशिरा उठते. १४ एप्रिलला मात्र तिकडची बँक उघडी असते. लॉगिन करायचं, नाहीतर स्वतःची रजा टाकायची. मी टाकते. "घरी काही फंक्शन आहे का?" असं एकदा मॅनेजरनं विचारलं. मी हो म्हटलं. तेही खोटं नव्हतंच.

सुट्टीच्या आधी ऑफिसच्या ग्रुपवर किंग यांचा फोटो येतो, खाली 'माझं एक स्वप्न आहे' हे त्यांचं वाक्य. सगळे अंगठे दाखवतात, हात जोडतात. ते भाषण ऑगस्ट १९६३ चं. त्यानंतर साडेचार वर्षं किंग जगले, पण त्या वर्षांतले किंग कुणी फॉरवर्ड करत नाही. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध बोलणारे, गोऱ्यांच्या उत्तरेकडच्या शहरांतही घरं कुणाला मिळतात ते विचारणारे. गॅलप या संस्थेच्या १९६६ च्या जनमत पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचं त्यांच्याबद्दलचं मत वाईट होतं. आणि त्यांचा खून झाला तो कचरा उचलणाऱ्यांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेलेले असताना. हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. माझे वडील, म्हणजे अण्णा, आयुष्यभर कचऱ्याच्या गाडीवर होते, म्हणून एका लेखात ती ओळ दिसल्यावर मी पुढचं सगळं शोधून वाचलं.

अमेरिकेतलं मेम्फिस शहर, १ फेब्रुवारी १९६८. पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार गाडीच्या मागच्या बाजूला, कचरा दाबणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी आडोशाला बसले. पुढे केबिनमध्ये जागा नव्हती, आणि रस्त्यावरच्या एखाद्या घराच्या ओसरीला उभं राहायची सोय नव्हती, कारण काळे कामगार दारात थांबतात अशी गोऱ्या रहिवाशांची तक्रार असायची. यंत्र आपोआप सुरू झालं. चालकानं बटण दाबलं, ते थांबलं नाही. दोघंही चिरडले गेले. त्याच सुमारास पावसामुळे काम बंद ठेवलं तेव्हा काळ्या कामगारांना दोन तासांचे पैसे देऊन घरी पाठवलं होतं आणि गोऱ्यांना पूर्ण दिवसाचा पगार मिळाला होता. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार कामावर गेलेच नाहीत. गळ्यात पाट्या अडकवून ते रस्त्यानं चालायचे. पाटीवर एवढंच, की मी माणूस आहे.

किंग १८ मार्चला तिथं पहिल्यांदा बोलले. कचरा उचलणारा डॉक्टरइतकाच महत्त्वाचा, कारण त्यानं काम केलं नाही तर रोगराई पसरेल, अशा अर्थाचं. ४ एप्रिलला संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या गॅलरीत त्यांना गोळी घातली. वय ३९. संप मिटला १६ एप्रिलला. युनियनला मान्यता आणि पगारवाढ.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. आमचे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून इकडे आले, आणि अण्णा पुढे मुंबईजवळच्या एका महापालिकेत सफाई कामगार म्हणून लागले. नाव घेत नाही, अजून ओळखीची माणसं तिथं आहेत. आता निवृत्त आहेत. मला वाटलं होतं, किंग यांच्याबद्दल काही विचारतील. त्यांनी विचारलं, "पाऊस होता म्हणलीस ना? मग मागंच बसणार. आम्ही बी बसायचो." मग विचारलं, बटण कुठल्या बाजूला होतं. मग, "घरच्यांना काय दिलं?"

दिलं होतं एका महिन्याचा पगार आणि मातीसाठी ५०० डॉलर. तासावर कामाला असल्यामुळे नुकसानभरपाईचा कायदा त्यांना लागू नव्हता. अण्णा म्हणाले, "म्हंजे कंत्राटीच की."

इकडचं मीच पुढे सांगितलं. हातानं मैला साफ करून घेण्यावर १९९३ मध्ये बंदी आली, २०१३ मध्ये आणखी कडक कायदा आला. गटारात उतरून माणूस मेला तर दहा लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. अण्णांनी ऐकून घेतलं. "तीस लाख नंतर. आधी कंत्राटदारानं म्हणावं लागतं, हा माझा माणूस होता."

नवी मुंबई २०२० आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरी आली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हा फुलांचा पाऊस पडला. त्याच सोसायटीत सकाळच्या घंटागाडीवरच्या मुलानं पाणी मागितलं, तर त्याला बिसलेरीची रिकामी बाटली भरून देतात आणि बाटली परत घेत नाहीत. त्यात काय, प्लास्टिकच तर आहे, असं म्हणता येतं. घरात स्टीलचे तांबे मांडणीवर असताना म्हणता येतं, हे विशेष.

खारघरला भाड्यानं घर बघत होते तेव्हा दलालानं आधी आडनाव विचारलं, मग "नॉनव्हेज चालतं का?" आणि मग मालकाच्या अटी वाचून दाखवल्या. बॅचलर नको, आफ्रिकन नको. त्या यादीत मी नावानं नव्हते. आडनाव ऐकून चेहरा बदलला, तेवढंच. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसानं नऊ मिनिटांहून जास्त गुडघा ठेवला, तेव्हा आमच्या ऑफिसातून मोठी ईमेल आली होती. आम्ही वर्णद्वेषाच्या विरोधात आहोत वगैरे. खाली उत्तरांत एकानं चार परिच्छेद लिहिले होते. तोच माणूस जेवताना आरक्षणावर सुरू झाला की थांबत नाही. अमेरिकेतल्या काळ्यांचं दुःख त्याला कळतं, ते लांब आहे म्हणून कळतं असं माझं मत आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहरानं २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली ती आपल्याच लोकांनी तिकडे जात नेली म्हणून, हे त्या ईमेलमध्ये कोण लिहिणार?

किंग इकडे येऊन गेले होते, १९५९ मध्ये. मुंबईत फुटपाथवर झोपलेली हजारो माणसं पाहून ते हादरले, आणि तसं त्यांनी लिहिलंही. केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य' अशी करून दिली. पुढे १९६५ मध्ये एका प्रवचनात त्यांनीच ते सांगितलं. आधी राग आला, मग आपल्या लोकांची हालत आठवली आणि वाटलं, खरंच, आहे मी अस्पृश्य. बाबासाहेब तोवर गेलेले होते. त्यांनी १९४६ मध्येच डू बॉइस या अमेरिकेतल्या काळ्या विचारवंतांना पत्र लिहिलं होतं, की निग्रोंचा आणि आमचा प्रश्न इतका सारखा आहे की त्याचा अभ्यास करणं गरजेचं आहे, आणि संयुक्त राष्ट्रांकडे तुमच्या लोकांनी केलेला अर्ज मला पाठवा. किंग आणि बाबासाहेब भेटले असते तर, असं मला उगाच वाटत राहतं.

आमच्या घरातली गोष्ट मात्र लाड-पागे समितीची. त्या समितीच्या शिफारशीनं सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. शिपायाच्या मुलाला शिपाई करायची घाई कुणाला नसते, इथं सरकारी कागदावर वारसा चालतो. भाऊ बीकॉम आहे. पार्सलं पोचवून दमला होता. मी नको म्हणत होते, आई हो म्हणत होती. अण्णा काही बोलले नाहीत, सही केली. आता तो रात्रपाळीला कॉम्पॅक्टरवर, म्हणजे कचरा दाबणाऱ्या गाडीवर असतो. त्याची नोकरी पक्की आहे, माझी पुढच्या कंत्राटापर्यंत. त्यामुळे या विषयावर तो माझं फार ऐकून घेत नाही आणि मला नीट बोलताही येत नाही.

मेम्फिसचं ऐकलं त्या रात्री अण्णा त्याची वाट बघत जागे होते. आल्या आल्या विचारलं, तुझ्या गाडीचं बंद करायचं बटण कुठं आहे. तो म्हणाला, दोन आहेत, एक चालत नाही, सांगून ठेवलंय.

अण्णांनी त्याच्याकडून मुकादमाचा नंबर घेतला.