माळ्यावरची मुलं

आमच्या साताऱ्याच्या घरात स्वयंपाकघरावर माळा आहे. त्यावर काय काय आहे ते घरात एकट्या आईला माहीत. तांब्याचा बंब, दोन कंदील, लग्नात आलेले आणि खोक्यातून कधीच न निघालेले लेमन सेट, माझा पाळणा. यातलं काही काढायचा विषय निघाला की आईचं उत्तर ठरलेलं: "असू दे. लागेल कधीतरी." मी हे ऐकत आणि त्याला हसत मोठा झालो. मग कॅनडात येऊन मिसिसागाच्या एका अपार्टमेंटमध्ये राहायला लागलो. इथे माळा नाही. म्हणून असेल, मी हॉकीपटूंचा माळा केला.

ऑफिसात आमची फँटसी हॉकीची लीग आहे. बारा जण, बारा संघ. एनएचएल, म्हणजे बर्फावरच्या हॉकीची इथली सर्वांत मोठी लीग, तिचे खेळाडू आपसात वाटून घ्यायचे आणि त्यांनी खऱ्या सामन्यात केलेल्या गोल-असिस्टवर आपले गुण मोजायचे. इथवर हे आपल्याकडच्या क्रिकेटच्या ॲपसारखंच. पण आमची लीग 'कीपर' आहे. हंगाम संपला म्हणून संघ मोडत नाही, दहा खेळाडू पुढच्या वर्षीही आपल्याकडेच राहतात. त्याखाली आणखी एक यादी असते, तिला सगळे 'फार्म' म्हणतात. फार्मवर बारा जागा. तिथे ठेवायची ती अशी पोरं, जी अजून एनएचएलमध्ये पोचलेलीच नाहीत. कोणी सस्कॅचेवानातल्या कुठल्याशा गावात ज्युनियर खेळतोय, कोणी बोस्टनला कॉलेजात आहे, कोणी फिनलंडमध्ये. त्यांनी तिकडे कितीही गोल केले तरी मला गुण शून्य. ती फक्त माझ्या नावावर असतात. एनएचएलमध्ये ८२ सामने झाले की, गोलकीपर असेल तर ४१, त्याला फार्मवरून उठवायचं: मुख्य संघात जागा द्यायची नाहीतर सोडून द्यायचा. आणि एकदा वर घेतला की परत खाली ठेवता येत नाही.

लीगमधल्या माणसांची खरी ओळख या खालच्या यादीत होते, असं माझं मत आहे. मुख्य संघ कोणीही बरा लावतो, आकडे समोरच असतात.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एनएचएलचा ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात. ३२ संघ, सात फेऱ्या, २२४ नावं, बहुतेक जण अठरा वर्षांचे. त्यानंतर आमचा, कोणाच्या तरी बॅकयार्डमध्ये, बर्गर भाजत, चार फेऱ्यांचा. त्या आधीचे तीन आठवडे मी अशा मुलांचे अहवाल वाचतो ज्यांना मी जन्मात कधी पाहिलेलं नाही. उंची, वजन, डावखुरा की उजवा, थोरला भाऊ कुठल्या संघात आहे, वडील खेळायचे का. स्थळाची माहितीही याच क्रमाने येते, फक्त इथे 'स्केटिंगमध्ये सुधारणेस वाव' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. एवढं वाचून मी बॅकयार्डमध्ये उभा राहून पूर्ण आत्मविश्वासाने एका स्वीडिश मुलाचं नाव पुकारतो, आणि उच्चार चुकतो.

मग वाट पाहणं सुरू. ही वाट साधी नसते, प्रत्येक पोराची वेगळी असते आणि प्रत्येकीवर वेगळा नाका. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून ड्राफ्ट झालेल्या मुलासाठी वर्षानुवर्षं नियम असा होता की विशीच्या आत तो एकतर थेट एनएचएलमध्ये खेळेल, नाहीतर परत ज्युनियरमध्ये जाईल. मधली एएचएल, म्हणजे एनएचएलच्या खालची लीग, त्याला बंद होती. म्हणजे दहावीच्या मानाने फार हुशार, पण कॉलेज घेत नाही अशी गत. त्यात नऊ सामन्यांची गंमत. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला संघ एनएचएलमध्ये नऊ सामने खेळवून परत पाठवू शकतो आणि त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या करारातलं वर्ष मोजलं जात नाही. दहाव्या सामन्याला उतरला की वर्ष खर्ची पडलं. त्यामुळे दर ऑक्टोबरमध्ये मी पेन्सिलीने रेघा मारत बसतो. सात, आठ, नऊ. आणि मग एका सकाळी बातमी येते की पोराला 'अधिक खेळायला मिळावं म्हणून' ज्युनियरला परत पाठवलंय. मी चहा ओततो आणि यादीत त्याच्यापुढे आणखी एक वर्ष लिहितो.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आईने एकदा ही यादी पाहिली. हॉकी म्हटल्यावर तिला धनराज पिल्लै आठवला. "खडकीचा तो? त्याचा खेळ मी टीव्हीवर बघायचे." म्हटलं ही हॉकी नव्हे, बर्फावरची. ती पोरं कोण, काय करतात, तुला काय मिळतं, अशी रीतसर चौकशी झाली. मी मला जमेल तेवढं सांगितलं आणि तिने तिला पटेल तेवढं घेतलं: बारा परमुलखातली पोरं आहेत, शिकतायत, आणि तिचा मुलगा त्यांच्या नोकरीची वाट बघतोय. तेव्हापासून दर रविवारी हवापाणी आणि भाजीचे भाव झाले की प्रश्न येतो, "मग? लागलं का कोणी?"

आता किरील काप्रिझोव्हचं सांगायला हवं, कारण माझ्या यादीत पुढे जो गोंधळ झाला त्याचं मूळ तिथे आहे. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटाने त्याला पाचव्या फेरीत, १३५ वा घेतला. मी आमच्या शेवटच्या फेरीत घेतला. कारण विचाराल तर, नावाचा उच्चार मला जमला. दोन वर्षं तो माझ्या फार्मवर होता. २०१७ च्या उन्हाळ्यात त्याने रशियातल्या उफाचा संघ सोडला, आणि मला वाटलं आला आता. तर गड्याने मॉस्कोच्या सीएसकेएशी तीन वर्षांचा करार केला. तीन वर्षं! तेव्हा मुलगी जेमतेम वर्षाची होती, मी झोपेविना होतो, आणि मला फार्मवर जागा हवी होती, कोणासाठी ते आता सांगायची लाज वाटते. मी त्याला सोडला. दुसऱ्याच दिवशी अकाउंट्समधल्या न्यूफाउंडलंडच्या गृहस्थांनी त्याला उचलला.

पुढच्या फेब्रुवारीत प्याँगचांगचं ऑलिंपिक होतं. अंतिम सामना इथल्या घड्याळात शनिवारी रात्री उशिरा सुरू झाला. रशियन विरुद्ध जर्मनी, ३-३, जादा वेळ. मुलीला खांद्यावर थोपटत मी आवाज बंद करून बघत होतो. सुवर्णपदकाचा गोल कोणी मारला हे कळायला मला समालोचनाची गरज पडली नाही. मुलगी झोपली होती म्हणून ओरडताही येईना.

अर्थात तेव्हाही तो एनएचएलमध्ये नव्हताच. आला तो जानेवारी २०२१ मध्ये. पहिल्याच सामन्यात जादा वेळेत विजयी गोल, हंगामाअखेर सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी. २०२५ मध्ये मिनेसोटाने त्याच्याशी आठ वर्षांचा, १३६ मिलियन डॉलरचा करार केला. अकाउंट्सचे गृहस्थ सभ्य आहेत, तोंडाने काही बोलत नाहीत. फक्त अधूनमधून माझ्या टेबलाजवळच्या व्हाइटबोर्डच्या कोपऱ्यात ९७ हा आकडा लिहून जातात. काप्रिझोव्हचा जर्सी नंबर. मी पुसतो. ते परत लिहितात.

यातून शहाण्या माणसाने संयम शिकला असता. मी न सोडणं शिकलो. या दोन गोष्टी लांबून सारख्या दिसतात. त्यानंतरची कित्येक वर्षं माझ्या फार्मवरून कोणी हललंच नाही. एक बचावपटू मी सात वर्षं सांभाळला, तो आता जर्मनीतल्या लीगमध्ये खेळतो, त्याला मूलही झालं. दुसऱ्या एकाने खेळ सोडल्याची बातमी मला सहा महिन्यांनी कळली. तोवर तो माझ्याकडे जागा अडवून होता. सहज कोणी विचारलं की मी पावेल दात्स्युकचं उदाहरण द्यायचो, १९९८ चा ड्राफ्ट, १७१ वा, आणि पुढे केवढा मोठा झाला. उदाहरण खरंच आहे. पण दात्स्युकच्या मागेपुढे ज्यांची नावं पुकारली गेली, त्यातलं एक तरी तुम्हाला सांगता येतंय का, असं कोणी उलट विचारलं नाही म्हणून निभावलं.

सर्वांत वाईट खोड गोलकीपरची. गोलकीपर पिकायला फार वेळ लागतो हे खरं. कॉनर हेलेबक २०१२ मध्ये १३० वा, मग कॉलेज, मग एएचएल, २०१५ च्या नोव्हेंबरात पहिला सामना, आणि २०२५ मध्ये थेट हार्ट ट्रॉफी, सबंध लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू. इगोर शेस्टर्किन २०१४ मध्ये ११८ वा, न्यूयॉर्कला उतरला २०२० मध्ये. अशा गोष्टी वाचल्या की लोणच्याच्या बरणीला हात लावायचा धीर होत नाही. माझ्या बाराच्या यादीत एका वेळी चार गोलकीपर होते. आणि गोलपोस्ट तर एकच असतो.

त्या चारांतला एक मी प्रत्यक्ष पाहिला. टोरोंटोचा एएचएल संघ मार्लीज एक्झिबिशन प्लेसच्या कोलिसियममध्ये खेळतो, तिकिटं परवडतात, आणि माझा गोलकीपर पाहुण्या संघात होता. लेकीला घेऊन गेलो. पाच वर्षं माझ्या नावावर असलेला मुलगा, पहिल्यांदा डोळ्यांनी. तर त्या दिवशी दुसऱ्यालाच गोलमध्ये उभं केलेलं.

"बाबा, तुझा कोणता?"

"तो. टोपीवाला. टोकाला."

बेंचच्या टोकाला, सगळं जाडजूड पॅडिंग अंगावर आणि डोक्यावर हेल्मेटच्या जागी साधी बेसबॉलची टोपी. त्याच्याकडे काम एकच होतं, बेंचचं छोटं दार उघडायचं. खेळाडू दमून आला की खटका उचलून दार आत ओढायचं, तो आत आला की लावायचं. तेही तो फार नेटकं करत होता. येणाऱ्याच्या पावलाआधी दार उघडलेलं असायचं, आणि लावताना प्रत्येकाच्या पॅडवर काठीने एक टकटक. तिसऱ्या सत्रात खेळ थांबलेला असताना त्याने एका सुट्या झालेल्या लेसला स्वतःच्या दाताने गाठ मारली, कोणाच्या तरी ग्लोव्हची होती. लेक बराच वेळ त्याच्याकडेच बघत होती. म्हणाली, "तो खेळतच नाहीये, पण बिझी आहे."

घरी येऊन मी त्याला सोडणार होतो, आकडे तेच सांगत होते. सोडला नाही.

भावनेच्या भरात यादी बनवणारा मी एकटा नाही हे सांगून ठेवतो. ब्रॅम्प्टनचा आमचा एक पंजाबी सहकारी अर्शदीप बैन्सला धरून आहे. व्हँकूव्हरजवळच्या सरेचा मुलगा, ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, २०२१-२२ मध्ये रेड डीअरकडून ११२ गुण करून ज्युनियरच्या अख्ख्या वेस्टर्न लीगमध्ये पहिला आला, त्याच हंगामात व्हँकूव्हरने करार केला. पुढे व्हँकूव्हरच्या हाताखालच्या ॲबट्सफर्डने २०२५ ला एएचएलचा काल्डर कप जिंकला, त्या संघात तो होता. आमचा सहकारी त्याला फँटसीच्या हिशेबाने बघतच नाही. "गुण देवो न देवो, तो माझ्या यादीत शोभतो," म्हणतो. मी त्याला हसत नाही. उद्या २२४ नावांत एखादा जाधव किंवा कुलकर्णी निघाला, तर सातव्या फेरीतलाही मी पहिल्या फेरीत घेईन आणि बॅकयार्डमध्ये उच्चार शिकवत फिरेन.

३१ ऑगस्टच्या रात्री बारा वाजता यादी बंद होते. जुलैच्या ड्राफ्टनंतर माझ्याकडे तेरा होते, एकाला काढायचं होतं. पावणेबाराला मी फँट्रॅक्स, म्हणजे आमची लीग चालते ती साइट, उघडून बसलो. टोपीवाल्याच्या नावापुढच्या चौकोनावर बाण नेला, परत आणला, परत नेला. साताऱ्यात सकाळचे सव्वानऊ झाले होते, आईचा फोन आला. एवढ्या रात्री जागा का, म्हणून बोलणी झाली. कारण सांगितलं.

"कोण, तो दार उघडणारा? नाही ना लागला अजून?"

"नाही."

"किती वर्षं झाली?"

"सहावं."

"मग काढ की. किती दिवस ठेवशील?"

"आई, माळ्यावरचा माझा पाळणा काढलास?"

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"सागवानी आहे तो," आई म्हणाली.

अकरा वाजून छप्पन्न मिनिटांनी मी त्या स्वीडिश मुलाच्या चौकोनावर टिक केली, ज्याला घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सोमवारी सकाळी व्हाइटबोर्डवर ९७ च्या खाली एक प्रश्नचिन्ह होतं, आणि त्या मुलाचं नाव, उच्चारासकट.