मांडी राहिली, मांडी गेली

आमच्याकडं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं काम. सोलापूरच्या पूर्व भागात असं काम असलेली घरं कमी नाहीत. मजुरी डझनावर, त्यामुळं शाळा उघडायच्या आधीचे दोन महिने मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका मे महिन्यात उजव्या मांडीला, बाहेरच्या अंगाला, गाठ हाताला लागली. लिंबाएवढी. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, हा आमच्या घरचा जुना वैद्यकीय नियम. दिवाळीपर्यंत ती मोसंबीएवढी झाली आणि परकर तिथं घासायला लागला.

गावातल्या एका दवाखान्यात दाखवली. "चरबीची गाठ आहे, अर्ध्या तासाचं काम." एमआरआय नाही, सुईची तपासणी नाही. जागा बधिर केली, आडवा काप घेतला, गाठ काढली, टाके घातले. काढलेलं लॅबला पाठवलं तेवढं एक बरं केलं. आठ दिवसांनी कागद आला. त्यावर सार्कोमा असं लिहिलं होतं, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागातला कॅन्सर. हा शब्द मी तोवर ऐकलेलासुद्धा नव्हता.

सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून परळला टाटात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी माझा काप पाहिला आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग सांगितलं, पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी, खोलातली किंवा वाढत जाणारी गाठ असली की आधी एमआरआय, मग सुईनं तुकडा, आणि मगच कात्री. मी कामाला आलेल्या पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवते. माप घेतल्याशिवाय कापड कापायचं नाही.

मार्जिन हा शब्द त्यांनी उच्चारला तेव्हा मला समजावून सांगावं लागलं नाही. आम्ही शिलाईच्या रेघेबाहेर कापड सोडतो, तसं ते गाठीभोवतीचं चांगलं मांस गाठीसकट काढतात. गाठ उघडी पडताच कामा नये. माझ्या बाबतीत त्या पहिल्या ऑपरेशनातच खडूच्या रेघेवरून कात्री फिरली होती. आता जुना व्रण, त्याखालची सगळी जागा, सगळंच काढायचं. उभा काप असता तर निदान कातडी कमी गेली असती.

सासरे म्हणाले, "साहेब, पायच काढा की. मुळापासून जाईल." त्यांचं चुकलं नव्हतं, जीव वाचावा एवढंच त्यांना हवं होतं. डॉक्टर चिडले नाहीत. अमेरिकेत 1982 साली छापून आलेला एक अभ्यास त्यांनी सांगितला. 43 रुग्ण. 16 जणांचा हात किंवा पाय काढला, 27 जणांचा वाचवून वर रेडिएशन दिलं. वाचवलेल्यांपैकी चौघांना त्याच जागी गाठ परत आली, पण जगण्या-मरण्यात फारसा फरक निघाला नाही. हा आजार पसरलाच तर बहुतेक वेळा फुप्फुसात जातो, पाय काढून ते थांबतंच असं नाही. सासरे बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसले, मग म्हणाले, "मग राहू द्या."

रेडिएशनला आमच्याकडं शेकच म्हणतात. ऑपरेशनच्या आधी 25 शेक, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिलो. उपचाराचा बराच भार महात्मा फुले योजनेनं उचलला, केशरी रेशनकार्ड एवढं कामाला आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेक आधी दिले तर जखम भरायला कुरकुरते, नंतर दिले तर डोस जास्त लागतो आणि पाय पुढं ताठरतो, असं दोन्हीकडचं सांगितलं होतं. माझी जखम कुरकुरलीच. टाके एका जागी उसवले, दोन महिने ड्रेसिंग चाललं.

मांडीच्या पुढच्या चार स्नायूंपैकी एक पूर्ण आणि दुसऱ्याचा थोडा भाग गेला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे फिजिओ मॅडमनी घोकून घेतलं. सूज येऊ नये म्हणून घट्ट मोजा घालायचा. सोलापुरात, एप्रिलमध्ये! तो घालून दाखवावा एखाद्यानं.

मशीन मात्र सुटलं नाही. मोटारीच्या मशीनचं पॅडल घोट्यावर चालतं, आणि घोटा शाबूत आहे. सुटलं ते काजं-बटणाचं काम. ते आम्ही सगळ्याजणी चटईवर बसून करायचो, गप्पा तिथंच व्हायच्या. आता गुडघा पुरता वळत नाही. मांडी राहिली, पण मांडी घालता येत नाही. संडासात भोकाची खुर्ची आली, भाकरी ओट्यावर आली.

मॅडमनी एकदा टोरांटोकडचा एक फॉर्म भरून घेतला. पाय वाचवलेल्या माणसाचं रोजचं कसं चाललंय ते मोजायचा. टबमधून बाहेर येता येतं का? बागकाम जमतं का? आमच्या घरात टब म्हणजे कपडे भिजवायचा. मांडी घालून बसता येतं का, हे त्यात कुठंच नव्हतं. मी विचारलं तर मॅडम हसल्या आणि समासात पेनानं लिहून घेतलं.

दर तीन-चार महिन्यांनी छातीची तपासणी असते. त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात समोरच्या अक्कांकडं हळदीकुंकू होतं. सगळ्या सतरंजीवर, मी एकटी प्लास्टिकच्या खुर्चीत, सगळ्यांच्या डोक्यावर. नको वाटत होतं. वाण द्यायला आलेल्या अक्का म्हणाल्या, "वहिनी, तुमच्यामुळं मला वाकायला लागलं नाही बघा. माझे गुडघे कधीचे गेलेत." आणि आतून आणखी एक खुर्ची ओढत आणून माझ्या शेजारी बसल्या.