पिरायसला अडकलेले टॉवेल

२७ जून २०१५ हा शनिवार होता, आणि त्या काळी बँकांना शनिवारी अर्धा दिवस काम असे. मी फोर्टमधील एका बँकेच्या परकीय चलन शाखेत निर्यात बिलांचा विभाग सांभाळत होते. दुपारी निघताना एका सहकाऱ्याने सांगितले की, ग्रीसचे पंतप्रधान अलेक्सिस त्सिप्रास यांनी कर्ज देणाऱ्यांच्या अटींवर सार्वमत घेण्याची घोषणा आदल्या रात्री केली आहे. मी फारसे लक्ष दिले नाही. मे २०१० मध्ये ग्रीसला ११० अब्ज युरोंची पहिली मदत मिळाली, तेव्हापासून हा देश युरोतून बाहेर पडणार, ही बातमी आम्ही इतक्यांदा ऐकली होती की, लांडगा आला रे आला म्हणून दचकण्याचे दिवस केव्हाच सरले होते.

सोमवारी सकाळी शाखेत पोहोचले तेव्हा लांडगा आलेला होता. युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक बँकांना मिळणाऱ्या आपत्कालीन साहाय्याची मर्यादा ८९ अब्ज युरोंच्या आसपास गोठवली होती, आणि त्यामुळे ग्रीक सरकारने देशातील सर्व बँका बंद ठेवण्याचा वटहुकूम रविवारी रात्री काढला होता. एटीएममधून एका कार्डावर दिवसाला ६० युरो मिळणार होते आणि परवानगीशिवाय देशाबाहेर पैसे पाठवण्यास मनाई होती. आमच्या मुख्य व्यवस्थापकांनी बारा वाजेपर्यंत ग्रीसवरच्या सर्व थकीत बिलांची यादी मागितली. यादी सात बिलांची झाली. त्यांतील सहा आम्ही केवळ वसुलीसाठी पाठवलेली होती, म्हणजे त्यांत बँकेचा पैसा गुंतलेला नव्हता. सातवे मात्र आम्ही खरेदी केलेले, म्हणजे वसुलीआधीच निर्यातदाराला त्याचे पैसे दिलेले, होते: सोलापूरच्या एका टॉवेल उत्पादकाचे, सुमारे ४० हजार युरोंचे, युरोच्या तेव्हाच्या सत्तरीच्या भावाने अठ्ठावीस लाखांच्या घरात जाणारे. माल ग्रीक बेटांवरील हॉटेलांसाठी होता आणि कंटेनर न्हावाशेव्याहून निघून पिरायस बंदराच्या जवळ पोहोचला होता.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. हे डी. पी., म्हणजे 'डॉक्युमेंट्स अगेन्स्ट पेमेंट' प्रकारचे बिल होते. जहाजाची बिल्टी, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, आमच्याकडून अथेन्समधील एका बँकेकडे जाते. खरेदीदाराने पैसे भरले की ती बँक कागद त्याच्या हाती देते आणि रक्कम आमच्या फ्रँकफर्टमधील नोस्ट्रो खात्यात, म्हणजे तिथल्या बँकेत आमच्या बँकेने उघडलेल्या खात्यात, पाठवते. कागदाशिवाय माल सुटत नाही. खरेदीदाराने आपले काम चोख केले होते. शुक्रवारी, २६ तारखेला, त्याने आपल्या खात्यातून रक्कम वळती करण्याची सूचना दिली आणि बँकेने ती वळतीही केली. रक्कम सोमवारी फ्रँकफर्टला निघायची होती.

मी ट्रेसर, म्हणजे रक्कम कुठे आहे याची विचारणा करणारा संदेश, पाठवला. अथेन्स आपल्यापेक्षा अडीच तास मागे असल्याने उत्तर यायला दुपार झाली. शाखा ग्राहकांसाठी बंद असल्या तरी मुख्य कार्यालयात कर्मचारी होते, हे त्या उत्तरावरून कळले. संदेश अगदी सभ्य होता: रक्कम खरेदीदाराकडून मिळाली आहे, परंतु २८ जूनच्या वटहुकुमामुळे ती पाठवता येत नाही, खरेदीदार कागदांची मागणी करत आहे, कृपया सूचना द्याव्यात.

तेवढ्यात सोलापूरहून फोन आला. त्या गृहस्थांची मातृभाषा तेलुगू, मराठी सोलापुरी आणि हिशेब तोंडपाठ. "मॅडम, त्यानं पैसे भरले म्हणतोय. मग आपल्याकडं का येईनात?"

"भरले आहेत, पण ते अथेन्समध्ये आहेत."

"युरोच आहेत ना? तिथला युरो आणि जर्मनीतला युरो वेगळा असतोय का?"

या प्रश्नाला शुक्रवारपर्यंत कोणीही 'नाही' असेच उत्तर दिले असते. २००१ मध्ये ग्रीसने ३४०.७५ द्राक्मांना एक युरो या दराने आपले चलन सोडले, ते याच विश्वासावर. परंतु अथेन्सच्या खात्यातील युरो फ्रँकफर्टला जातो म्हणजे नोटांची पेटी विमानातून जात नाही. ग्रीक बँकेची रक्कम ग्रीसच्या मध्यवर्ती बँकेतून वजा होते, जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेत जमा होते, आणि त्या दोघींमधला फरक युरोपीय व्यवस्थेच्या वहीत ग्रीसच्या नावे देणे म्हणून चढतो. त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत घाबरलेल्या ठेवीदारांनी चाळीस अब्जांच्या आसपास ठेवी काढून नेल्या होत्या आणि वहीतले देणे शंभर अब्जांच्या वर गेले होते. वही लिहिणाऱ्याने पुढे लिहायचे नाही असे ठरवले की अथेन्समधला युरो तिथेच थांबतो. नाव तेच, छाप तीच, पण त्याला गावाची वेस ओलांडता येत नाही. मी हे सारे त्यांना जमेल तसे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे हुंडी आहे, पण पेढी बंद." मला यापेक्षा चांगले सांगता आले नसते.

खरी अडचण निराळीच होती. कलेक्शनचे, म्हणजे बिलांच्या वसुलीचे, व्यवहार इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या यूआरसी ५२२ या नियमावलीनुसार चालतात. तिचे १७ वे कलम स्थानिक चलनाबद्दल आहे: रक्कम तत्काळ वापरण्यास उपलब्ध असेल तरच कागद द्यावेत. १८ वे कलम परकीय चलनाबद्दल आहे: रक्कम तत्काळ पाठवता येत असेल तरच द्यावेत. युरो हे ग्रीसचे स्थानिक चलन, तेव्हा १७ वे कलम लागू. आणि पैसे तर बँकेत आहेत, मग कागद द्या, असा खरेदीदाराचा आग्रह होता. कागद दिले असते तर माल त्याचा झाला असता आणि पैसे अथेन्सच्या एका खात्यात आमच्या नावाने पडून राहिले असते, कदाचित युरो म्हणून, कदाचित एखाद्या सकाळी नव्या द्राक्मा म्हणून. मी फाइलच्या समासात पेन्सिलने लिहिले: "१७ की १८?" मग संदेश पाठवला की, फ्रँकफर्टमध्ये रक्कम जमा झाल्याखेरीज कागद देऊ नयेत. खरेदीदारावर तो अन्याय होता, हे मला तेव्हाही वाटत होते. पैसे भरूनही माल न मिळालेला तो माणूस होता. आणि त्याच्या देशाचे अर्थमंत्री यानिस वारूफाकिस दूरचित्रवाणीवर काय बोलतात याच्याशी त्याच्या टॉवेलांचा काही संबंध नव्हता.

सोलापूरकरांना मी दुसरीही गोष्ट सांगितली, जी सांगणे भाग होते: बिल मुदतीत वसूल झाले नाही तर खरेदीची रक्कम व्याजासह त्यांच्या खात्यातून परत घ्यावी लागेल. ते क्षणभर गप्प राहिले. "बघतो," म्हणाले.

पुढचे दिवस बातम्या वाचण्यात गेले. ३० जूनला ग्रीसने नाणेनिधीचा सुमारे दीड अब्ज युरोंचा हप्ता चुकवला. असे करणारा तो पहिला विकसित देश. ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी कर्ज देणाऱ्यांच्या अटींना 'नाही' म्हटले आणि दुसऱ्या दिवशी वारूफाकिस यांनी राजीनामा दिला. आयातीचे पैसे बाहेर पाठवण्यासाठी सरकारने समिती नेमली होती, पण तिथे औषधे, अन्न आणि इंधन यांची रांग पुढे होती. हॉटेलचे टॉवेल कुठे लागणार? कंटेनर पिरायसला उतरला आणि मोफत मुदत संपून डेमरेजचे, म्हणजे माल बंदरात अडकून राहिल्याच्या आकाराचे, मीटर सुरू झाले.

बुधवारी, ८ जुलैला, सोलापूरहून पुन्हा फोन आला. खरेदीदाराचा चुलत भाऊ श्टुटगार्टला राहतो, तो आपल्या जर्मन खात्यातून पैसे भरायला तयार आहे, चालेल का? निर्यातीचे पैसे तिसऱ्या पक्षाकडून घेण्यास रिझर्व्ह बँकेची परवानगी असते, मात्र तशी वेळ का आली हे कागदोपत्री दाखवावे लागते. मी अथेन्सच्या बँकेचा संदेश आणि वर्तमानपत्रातील कात्रणे फाइलला लावली आणि होकार दिला. गुरुवारी दुपारी रक्कम फ्रँकफर्टला जमा झाली. अथेन्समधून दोन आठवडे न हललेले ४० हजार युरो श्टुटगार्टहून एका दिवसात आले, आणि आमच्या विवरणपत्रावर त्या ओळीत वेगळे असे काहीही दिसत नव्हते.

कागद सोडण्याचा संदेश मी तत्काळ पाठवला. पण कागद देणारी खिडकी बंद होती. १३ जुलैच्या सकाळी, सतरा तास चाललेल्या बैठकीनंतर, युरोक्षेत्राच्या नेत्यांमध्ये तडजोड झाली. जर्मनीच्या अर्थमंत्रालयाने ग्रीसला किमान पाच वर्षे युरोबाहेर ठेवण्याचा पर्यायही त्याआधी लिहून मांडला होता. बँकांचे दरवाजे २० जुलैला उघडले आणि खरेदीदाराच्या हाती बिल्टी पडली तेव्हा पर्यटनाचा अर्धा हंगाम संपला होता. डेमरेज दोघांनी निम्मे निम्मे सोसले. अथेन्समध्ये वळती केलेली रक्कम त्याला परत मिळाली, पण ती देशाबाहेर नेण्यावर निर्बंध होतेच. ते पूर्णपणे उठले १ सप्टेंबर २०१९ ला.

पुढच्या वर्षी ऑडिटला आलेल्या तरुण अधिकाऱ्याने ती फाइल काढून दोन शंका घेतल्या. खरेदीदार ग्रीसमध्ये असताना पैसे जर्मनीहून का आले, याचे उत्तर कात्रणांत होते. समासातील पेन्सिलीचा अर्थ मात्र त्याला मी तोंडी सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले, "मॅडम, हे खोडून टाका," म्हणाला आणि शेरा न मारता फाइल परत केली. मी ते खोडले नाही.

सोलापूरकरांची त्या खरेदीदाराकडची पुढची ऑर्डर आगाऊ रकमेवर आली. पैसे श्टुटगार्टहून येणार, हे या वेळी इन्व्हॉइसवरच छापलेले होते.