आमची वाटचाल : प्रश्न रुग्णापर्यंत पोचेस्तोवर

मी मूळची साताऱ्याची, शिक्षण फार्मसीचं. लग्नानंतर बल्गेरियात, सोफियाला आले. आधी भाषा शिकले. मग २०११ मध्ये भाषाशास्त्र शिकवणाऱ्या एका बल्गेरियन मैत्रिणीच्या घरात, एका खोलीत आम्ही दोघींनी काम सुरू केलं. रुग्णानं स्वतः भरायच्या प्रश्नावल्या बल्गेरियनमध्ये आणायच्या : दुखणं किती, झोप कशी, जिना चढवतो का. नव्या औषधाचा गुण अशा उत्तरांवरूनही जोखला जातो. शब्द चुकला की आकडा चुकतो.

पहिल्याच कामात आम्ही चुकलो. अमेरिकी प्रश्नावलीत विचारलं होतं, ‘काही ब्लॉक चालता येतं का?’ तिकडे ब्लॉक म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचं अंतर. बल्गेरियात मात्र ‘ब्लॉक’ म्हणजे राहायची इमारत; ल्युलिन, म्लादोस्त अशा वसाहतींत पत्ता सांगतात तोच ब्लॉकच्या नंबरानं. आम्ही शब्द तसाच ठेवला. उलट भाषांतरात, म्हणजे बल्गेरियन मजकूर तपासणीसाठी परत इंग्रजीत आणताना, तो पुन्हा ‘ब्लॉक’ होऊनच परतला, म्हणून तिथेही चूक दिसली नाही. ती दाखवली गुडघेदुखीच्या एका आजींनी. म्हणाल्या, ‘आमचा ब्लॉक फार लांब आहे गं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं का?’ मग प्रश्नातलं अंतर आम्ही मीटरमध्ये लिहिलं.

कामाची पद्धत ठरलेली आहे. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, त्यातून एक मसुदा करायचा, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर घ्यायचं आणि शेवटी रुग्णांशी बोलायचं. आयस्पॉर या आरोग्य-अर्थशास्त्र आणि उपचारांचे परिणाम अभ्यासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यासाठी ५ ते ८ जण सुचवले आहेत. घाई असली की ग्राहक हाच टप्पा आटपायला सांगतात. आम्ही तो सोडत नाही. एकदा त्यापायी हातचं काम गेलं, तरी नाही. त्या मुलाखतींत आम्ही मानेवर विसंबत नाही, तोंडानं ‘दा’ (हो) किंवा ‘ने’ (नाही) आल्यावरच लिहितो. इथे होकाराला मान आडवी हलवतात, नकाराला वरखाली. तरुण माणसं कधी उलटही करतात.

बल्गेरियनमध्ये आदरार्थी बोलतानाही विशेषणाचं लिंग सुटत नाही : थकलेला पुरुष ‘उमोरेन’, थकलेली बाई ‘उमोरेना’. सुरुवातीला आम्ही तिरकी रेघ मारून दोन्ही रूपं छापायचो. म्हाताऱ्या रुग्णांना ते वाचताना अडखळायला होई. आता शक्य तिथे ‘थकवा जाणवला का’ अशी वाक्यरचना करतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो लहान मुलांच्या आजाराच्या एका प्रश्नावलीत. ती पालकांनी भरायची होती. आपण ‘रात्री रडत होता म्हणे’ म्हणतो, त्यातलं ‘म्हणे’ बल्गेरियनमध्ये क्रियापदातच असतं. स्वतः पाहिलं असेल तर ‘प्लाचेशे’, कुणाकडून कळलं असेल तर ‘प्लाचेलो’. मुलाखतीत एका आईनं रात्रीच्या रडण्याबद्दल सगळं ‘प्लाचेलो’ असंच सांगितलं. तिची रात्रपाळी होती. मूल आजीजवळ झोपायचं. इंग्रजी मूळात हा भेद कुठेच नव्हता. आम्ही ग्राहकाला कळवलं, तीन आठवडे पत्रव्यवहार चालला, आणि शेवटी पहिल्या पानावर ओळ आली : मुलाजवळ रात्री जे झोपतात, त्यांनी हा भाग भरावा.