हार्लेममधला एक शनिवार: बाबा, पोस्ट आणि लिंडी हॉप

बाबा सांगलीच्या पोस्टातून निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली. आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला सहा महिन्यांसाठी येतात आणि चौथ्या आठवड्यापासून त्यांना दिवस खायला उठतो. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दोनदा बघून झाला होता. मी तीन वर्षं दर मंगळवारी लिंडी हॉप शिकते. हा स्विंग संगीतावर जोडीनं करायचा नाच, १९२०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जन्मलेला. बाबांना त्याचं काडीचं कौतुक नाही. पण "हा नाच जगाला शिकवत फिरलेला फ्रँकी मॅनिंग तीस वर्षं पोस्टात होता," एवढं म्हटलं आणि ते बूट शोधायला लागले.

जायचं कसं ते आधी सांगते. एडिसनहून ट्रेननं पेन स्टेशन, तिथूनच २ किंवा ३ नंबरच्या सबवेनं १३५व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरायचं. ३ नंबर पुढे १४५व्या रस्त्यावरही थांबते, पण तिथला फलाट आखूड आहे आणि फक्त पुढच्या पाच डब्यांचे दरवाजे उघडतात. आपण नेमके मागच्या डब्यात असतो. त्यापेक्षा १३५च बरं. वर आलात की समोरच शॉम्बर्ग सेंटर. आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचं हे मोठं ग्रंथालय, आत जायला पैसे नाहीत, रविवारी बंद. तिथल्या जमिनीवर नक्षीचं एक मोठं वर्तुळ आहे आणि त्याखाली कवी लँगस्टन ह्यूज यांच्या अस्थी आहेत. बाबा चपापून बाजूला झाले. मी सांगितलं, १९९१मध्ये हे सभागृह उघडलं तेव्हा माया अँजेलू आणि अमिरी बराका हे दोन कवी त्याच वर्तुळावर नाचले होते. तरी बाबा कडेकडेनंच गेले.

तिथून लेनॉक्स अव्हेन्यूनं सरळ चालत १४० आणि १४१व्या रस्त्यांच्या मध्ये यायचं. इथे सव्हॉय बॉलरूम, म्हणजे नाचाचं मोठं सभागृह, होती. १२ मार्च १९२६ला उघडली, १९५८मध्ये बंद झाली, मग पाडली. आता उंच निवासी इमारती आहेत. भव्य काही बघायला मिळेल या आशेनं येऊ नका. शोधायचा आहे तो एक फलक. २६ मे २००२ला, म्हणजे आपल्या ८८व्या वाढदिवशी, फ्रँकीनं तो सव्हॉयचीच नर्तकी नॉर्मा मिलर हिच्याबरोबर उघडला. मी घाईत पुढे निघून गेले होते, फलक सापडला बाबांना. "पत्ता शोधायची सवय आहे," म्हणाले.

फुटपाथवर उभं राहून मी त्यांना नॉर्माची गोष्ट सांगितली. सव्हॉयच्या मागच्याच घरात ती वाढली. बँडचा आवाज खिडकीत यायचा आणि ही पोरगी घराच्या लोखंडी जिन्यावर नाचायची. १९३२च्या ईस्टरच्या रविवारी, बारा वर्षांची असताना, एक नावाजलेला नर्तक तिला रस्त्यावरून उचलून आत घेऊन गेला. पंधराव्या वर्षी ती युरोपच्या दौऱ्यावर होती. सव्हॉयच्या आत लाकडी जमीन, दोन बँडसाठी दोन मंच, आणि गोरे-काळे एकाच जमिनीवर. त्या काळच्या अमेरिकेत हे अप्रूपच होतं. १९३५मध्ये फ्रँकीनं इथल्याच एका चढाओढीत जोडीदारणीला, फ्रिडा वॉशिंग्टनला, पाठीवरून उलटी घेऊन समोर उतरवलं. लिंडी हॉपमधली पहिली हवाई उडी म्हणतात ती हीच.

"आणि पैसे?" बाबांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. सव्हॉयच्या या नाचणाऱ्या पोरांचा गट बांधला हर्बर्ट व्हाइटनं. तो सव्हॉयमध्ये दारावरचा दांडगा होता. सिनेमे, दौरे, सगळं त्यानं मिळवून दिलं आणि पैशाच्या चाव्याही स्वतःकडेच ठेवल्या. मग युद्ध आलं, फ्रँकी सैन्यात गेला. परत आल्यावर चार जणांचा संच काढून काही वर्षं ओढली, पण संगीताची हवा बदलली होती. १९५५मध्ये त्यानं पोस्टात नोकरी धरली. १९८६मध्ये कॅलिफोर्नियाच्या दोन तरुण नर्तकांनी त्याला शोधून काढलं, "शिकवा" म्हणाले. पुढच्याच वर्षी तो निवृत्त झाला, १९८९मध्ये नृत्यरचनेसाठी टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला, आणि पुढची वीस वर्षं तो देशोदेशी शिकवत फिरला.

"म्हणजे पेन्शन बसल्यावर," बाबा म्हणाले. मी या गोष्टीकडे असं कधी पाहिलंच नव्हतं.

जेवण त्याच रस्त्यावर, १२६-१२७च्या दरम्यान सिल्व्हियाजमध्ये. १९६२पासूनचं ठिकाण. शाकाहारी असाल तर मॅक अँड चीज, रताळी, मक्याचा पाव. पालेभाजी मागवण्याआधी विचारा, तिच्यात बऱ्याचदा मांस घालून शिजवतात. तिथे बाबांनी माझ्या नाचाच्या मास्तरांची चौकशी केली. ते शुक्रवारी रात्री विमानानं कुठल्या तरी गावी जातात, दोन दिवस कार्यशाळा घेतात, सोमवारी परत. आठवडाभर दुसऱ्यांचे हिशेब लिहितात. २०२०मध्ये नाचाची सगळी कामं एका फटक्यात गेली, तेव्हा त्या हिशेबांवरच घर चाललं. गुडघा दुखतो. "पोस्टातली परीक्षा द्यायला सांग," बाबा म्हणाले, आणि ते गमतीत नव्हते.

दुपारी वुडलॉन स्मशानभूमी, फ्रँकीचं थडगं तिथे आहे. परत १३५वर येऊन २ नंबर घ्यायची, पुढच्याच १४९व्या रस्त्याच्या ग्रँड कॉन्कोर्स स्टेशनवर ४ नंबरमध्ये बदलायचं, शेवटचं स्टेशन. जागा सुमारे ४०० एकर आहे. नकाशा न घेता आत शिरू नका. मी शिरले आणि ७२ वर्षांच्या माणसाला पाऊण तास उन्हात फिरवलं. शेवटी कार्यालयात जाऊन नकाशा आणला. साडेचारला दरवाजे बंद होतात, त्यामुळे दोनच्या आत पोचा. ड्यूक एलिंग्टन, माइल्स डेव्हिस, लायनेल हॅम्पटन सगळे इथेच आहेत.

फ्रँकी २७ एप्रिल २००९ला गेला, ९५व्या वाढदिवसाला महिना राहिला असताना. थडग्यापाशी बाबांनी चष्मा पुसून तारखा वाचल्या, मनात हिशेब केला. "निवृत्तीनंतर बावीस वर्षं. मला अजून दहा आहेत."

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळते, तिथूनच सुटते. बाबांनी विचारलं, तुमच्या त्या मुख्य पावलाचे किती ठोके? आठ, मी म्हटलं. "मग केरवाच की," म्हणत त्यांनी समोरच्या दांड्यावर बोटं वाजवायला घेतली. मात्र जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर द्यायचा, हे १४९ येईपर्यंत काही त्यांच्या हातात बसलं नाही.