नवमीची ओहोटी: पनवेल खाडीच्या तोंडाशी जिताड्यामागे

"भांगाला कोणी गरी टाकतं का?" बेलापूरजवळच्या दिवाळे गावात आदल्या संध्याकाळी होडी ठरवताना तांडेलदादांनी विचारलं. भांग म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपासची मंद भरती-ओहोटी, उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची जोराची. त्यांच्या परीने त्यांचं बरोबरच होतं. आमिष लावून बसणाऱ्याला उधाणच हवं. पाणी पळतं, त्याबरोबर कोळंबी पळते, आणि तिच्या मागे जिताडा मासा. पण आमच्याकडे आमिष नव्हतं, फ्लाय होती, म्हणजे गळाला दोऱ्याने बांधलेले केस आणि चमचम. तिला ना वास ना चव. माशाला ती दिसली तरच तो तोंड घालणार. आणि आपल्या खाडीत उधाणाच्या पाण्यात मनगट बुडवलं तर बोटं दिसत नाहीत.

उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेतीन-चार मीटर, भांगाला दीडेक मीटर. पाणी सावकाश हलतं, गाळ थोडा खाली बसतो. 'थोडा'च. काचेसारखं पाणी हवं असेल तर नवी मुंबईत येऊ नका.

म्हणून मी आणि माझ्या ठाण्याच्या मावसभावाने चैत्र वद्य नवमी धरली. तिचं दुसरं कारण घड्याळ. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. नऊ पाऊण पावणेसात. पहाटे भरती भरत येते, पावणेसातच्या सुमाराला पाणी थांबतं, आणि मग दुपारपर्यंत ओहोटी. चैत्रात सकाळ उतरली की समुद्राकडून वारा सुटतो आणि त्या वाऱ्यात फ्लायची जाड लाईन फेकणं म्हणजे स्वतःच्या कानात गळ अडकवून घेणं. पौर्णिमेला हाच हिशेब सव्वाअकराला जातो. ओहोटी आणि वारा एकदमच सुरू होतात. पाऊणपट हा ढोबळ हिशेब आहे, कोष्टक पाहूनच निघा. कोष्टकातल्या वेळा मुंबई बंदराच्या असतात, खाडीत आत पाणी त्यानंतर भरतं.

वसंतातली फ्लाय फिशिंग म्हटलं की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नद्या आठवतात. तिथे शॅड, म्हणजे आपल्या हिलशाचा भाऊबंद, आणि स्ट्राइप्ड बास समुद्रातून नदीत चढतात, अंडी घालायला. जिताड्याचं उलट. त्याचं लहानपण गोड्या-मचूळ पाण्यात, भातखाचरांत आणि तळ्यांत जातं. पेण-अलिबागकडे घरामागच्या तळ्यात वाढवतात तो हाच. मोठा झाला की तो खाडीच्या तोंडाकडे उतरतो आणि पावसाळ्याच्या सुमाराला तिथे वीण होते. बहुतेक जिताडे आधी नर असतात, काही वर्षांनी मादी होतात. त्यामुळे भलामोठा जिताडा लागला तर ती मादी असण्याचीच शक्यता जास्त. तिला सोडा. तिच्या पोटात पुढचा हंगाम आहे.

उजाडताना निघालो. तिवरांतून छोट्या नाळी जिथे मोठ्या खाडीला मिळतात, ती तोंडं बघायची. भरती पुरी असताना मासा तिवरांच्या मुळांत शिरलेला असतो, तिथे फ्लाय फेकून फक्त फांद्या लागतात. तेव्हा आम्ही चहा प्यायलो. पाणी फिरलं आणि तासाभरात नाळीच्या तोंडाशी चिखलाची एक रेघ दिसायला लागली, आतलं गढूळ आणि बाहेरचं त्यातल्या त्यात निवळ. कोळंबी आणि बोयटांची पिल्लं त्या रेघेवरून बाहेर पडतात. जिताडा निवळ बाजूला, तळाशी, तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो. फ्लाय गढुळात टाकून रेघेच्या बाहेर ओढत आणायची, तीही सावकाश. दोन ओढी, थांबा. धरतो तो थांबल्यावरच.

आधी शिंगाळा लागला. मग हातभर लांबीचा जिताडा आला, पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकणारा. सोडला तेव्हा तांडेलदादा काही वेळ बोललेच नाहीत. "अहो, कालवण झालं असतं," एवढंच म्हणाले. शिंगाळा मात्र त्यांनी ठेवून घेतला. कासाडी नदीतून तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीचं पाणी याच खाडीत उतरतं, म्हणून मी इथला मासा खात नाही. पण ज्यांचं पोट या खाडीवर आहे, त्यांना हे ऐकवायला मी कोण?

सामानाचं सांगतो. नऊ फुटी, आठ वजनाचा (म्हणजे आठ नंबरच्या लाईनला जुळणारा) रॉड पुरतो. लाईन उष्ण हवामानाचीच घ्या. थंड प्रदेशातली इथल्या उन्हात मऊ पडते, चिकटते, फेकली जात नाही. टोकाला चाळीस पौंडाची जाड नायलॉन हातभर बांधा, कारण जिताड्याच्या गालफडाची कड पातीसारखी धारदार असते. त्याच कारणाने त्याला कल्ल्यात बोट घालून उचलू नका. फ्लाय क्लाउझर मिनो जातीची, डोळ्यांशी वजन असलेली, काळी-जांभळी. गढुळात उजळ रंगापेक्षा गडद सावली जास्त उठून दिसते, असा माझा अनुभव. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका.

होडीतून उतरायचं नाही. चिखल मांडीपर्यंत घेतो आणि दगडांवरची कालवं पाय चिरतात. शिंगाळ्याचे काटे विषारी असतात. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. थर्मासमधलं पाणी नुसतं चहासाठी नसतं. खुंट्यांना लावलेल्या जाळ्यांजवळ फ्लाय टाकू नका. जाळं फाटलं तर त्या घराचा दिवस बुडतो.

ठाण्याच्या बाजूने येणाऱ्यांसाठी: ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला पश्चिमेचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे रॉड नेऊ नका. फ्लेमिंगो बघायचे असतील तर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट सुटते.

दिवाळ्याला यायला हार्बर लाईनने बेलापूर, पुढे रिक्षा. पहाटेची रिक्षा आदल्या दिवशी सांगून ठेवा. होडीचे पैसे आधी ठरवा आणि मासा मिळो न मिळो, पूर्ण द्या. पुढची सोयीची तिथी वैशाख शुद्ध नवमी-दशमी. दशमीला भरती साडेसातला, म्हणजे झोप थोडी जास्त, पण वाऱ्याआधीचा वेळ तेवढाच कमी.