पिवळी प्रत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असं पत्र आलं. 'शाळेने मला काय दिलं' हा विषयही सुचवलेला होता. शाळेने पुष्कळ दिलं, ते बाकीचे लिहितीलच. मी फक्त खेळाच्या सरांबद्दल लिहिणार आहे. गणिताच्या बाईंनी राग मानू नये. त्या तेव्हाही माझ्यावर रागावलेल्याच असत.

आपल्या वेळचा बास्केटबॉलचा संघ सगळ्यांना आठवत असेलच, निदान त्याचे निकाल तरी. आम्ही आठ जण. मला १५ नंबरचा बनियन मिळाला तो केवळ लहान मापाचा तेवढाच उरला होता म्हणून. सलग हरत होतो. सरांना त्याचं काही वाटत नसे असं नाही, पण ते दाखवत नसत. हरून आलो की ते एक गोष्ट हमखास सांगत. हा खेळ १८९१ साली सुरू झाला तेव्हा पहिल्या सामन्यात एका बाजूला नऊ-नऊ खेळाडू होते, बास्केट म्हणून पीचची टोपली टांगलेली होती आणि अख्ख्या सामन्यात एकदाच बॉल टोपलीत गेला. निकाल १-०. "म्हणजे तुम्ही त्यांच्या पुष्कळ पुढे आहात," असं म्हणून सर शिट्टी गळ्यात अडकवत आणि मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावत.

ज्या सामन्याबद्दल सांगायचं आहे तो आम्ही ६३-१९ असा हरलो. तेव्हा वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असत. दहा मिनिटांचे चार क्वार्टर २००० नंतर आले. पहिल्या हाफलाच ३४-७ झालं होतं. समोरचा संघ पहिल्या मिनिटापासून फुल कोर्ट प्रेस लावून, म्हणजे मैदानभर अंगावर येऊन अडवत, बसला होता. बॉल दहा सेकंदांत मधल्या रेषेपलीकडे न्यावा लागायचा, आणि आम्हाला ती रेषाच दिसेना. पास दिला की मध्येच त्यांचा हात, पुढच्या क्षणी ले-अप, म्हणजे धावत रिंगखाली येऊन सहज टाकलेला बॉल. आमचे दोघे पाच-पाच फाउल होऊन बाहेर गेले, एकाचा घोटा मुरगळला. म्हणून मी आत. नाहीतर मी बेंचवर बसून टॉवेल सांभाळणारा माणूस.

अगदी शेवटी, का कोण जाणे, बॉल माझ्या हातात होता आणि समोर रिंग होती. मी उडी मारली, शॉट मारायला हात वर नेला आणि कुणाची तरी कोपर बरगडीत बसली. रेफ्रीची शिट्टी आणि वेळ संपल्याचा बझर एकदमच वाजले. मी उठून उभा राहीपर्यंत समोरची मुलं एकमेकांना मिठ्या मारत होती. टेबलावरच्या स्कोअररने कागदावर एकाखाली एक छापलेल्या आकड्यांतल्या आमच्या १८ भोवती जाड वर्तुळ काढलं, खाली दोन जाड रेघा मारल्या. सामना संपला की अशाच मारतात.

सर टेबलाशी गेले. त्या दोन रेघांवर बोट ठेवून शांतपणे म्हणाले, "ह्या अजून मारायच्या नव्हत्या. पोराचे दोन फ्री थ्रो बाकी आहेत."

रेफ्री हसले. "सर, पंचेचाळीस पॉइंटांचा फरक आहे."

"असू दे की. फाउल तुम्हीच दिलाय ना?"

दिला होता. शॉट मारताना बझरबरोबर फाउल झाला तर फ्री थ्रो, म्हणजे रेषेवरून कुणी न अडवता मारायचे शॉट, द्यावेच लागतात, आणि वेळ संपलेली असल्याने हुकलेला बॉल पकडायला लेनवर, म्हणजे रिंगसमोरच्या पट्ट्याच्या कडेला, कुणी उभं राहत नाही. म्हणजे अख्ख्या कोर्टवर मी एकटा. समोरच्या संघाची मुलं पाणी पीत, अर्धे बूट काढून माझ्याकडे बघत होती. मला खरं सांगायचं तर सरांचा संताप आला होता. लवकर घरी जाऊ द्यायचं सोडून हे काय?

सर बाजूच्या रेषेवर उभे होते. रोज संध्याकाळी सांगायचे तेच म्हणाले, "तीन ड्रिबल. गुडघे. आणि हात वर गेला की बॉल रिंगमधून जाईपर्यंत तिथेच ठेवायचा."

पहिला रिंगच्या पुढच्या कडेला आपटून माझ्याकडेच परत आला. कुणीतरी खिदळलं. दुसरा बोर्डावर लागला, रिंगवर दोनदा नाचला आणि आत पडला. माझा हात वरच होता. तो खाली घ्यायचा असतो हे लक्षातच आलं नाही.

सरांनी टाळी वाजवली नाही. ते स्कोअरशीटकडे बघत होते. फ्री थ्रोसाठी त्या आकड्यावर भरीव टिंब देतात आणि शेजारी खेळाडूचा नंबर लिहितात. स्कोअररने तोंड वाकडं करून रेघांच्या खालच्या १९ वर टिंब दिलं, शेजारी १५ लिहिलं आणि नव्याने रेघा मारल्या. मग सरांनी आपली प्रत घडी घालून खिशात टाकली. जिंकणाऱ्याला गुलाबी प्रत मिळते, हरणाऱ्याला पिवळी. सरांच्या फायलीत सगळे कागद पिवळेच होते.

परतताना सर त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. मुरगळलेल्या घोट्याचीच चौकशी करत होते.

आज माझं स्वतःचं हिशेबतपासणीचं ऑफिस आहे, वीस माणसं कामाला आहेत. मार्चअखेर कुणी घाईने खातं बंद करायला निघालं की मी जरा जास्तच चिडतो, अशी माझी ख्याती आहे. त्यामागे हे आहे, ते मी ऑफिसात कधी सांगितलेलं नाही. सरांनाही नाही सांगितलं. सांगायला हवं होतं. निवृत्तीच्या समारंभाला यायचं ठरवलं होतं, तेव्हाही कामच आडवं आलं.

मागे एकदा शाळेत डोकावलो. आमचं कोर्ट गेलं. तिथे नवी इमारत आहे, आणि फ्री थ्रोची रेष बहुधा जिन्याखाली आली आहे. मुलांना आता चांगला हॉल आहे, बाहेरून कोच येतात, संघ जिंकतो म्हणे. आनंदच आहे. फाईल आता गुलाबी झाली असेल.

महोत्सवात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवणार असल्याचं पत्रात लिहिलं आहे. खेळाच्या खोलीतलं लोखंडी कपाट अजून कुणी भंगारात दिलं नसेल, तर त्यातली पिवळ्या कागदांची फाईल कृपया शोधावी. ६३-१९ चा कागद ओळखायला सोपा आहे. त्यावर शेवटच्या रेघा दोनदा मारलेल्या आहेत.